लेखनिक अज्ञात

सरांनी माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण परत दिलं तेव्हा एकशे सत्ताविसाव्या पानाच्या समासात पेन्सिलनं एकच शब्द लिहिलेला होता. आधार? बाकीच्या पानांचे समास कोरे होते, म्हणजे सरांच्या लेखी ती पसंत होती. विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी तो शब्द पाहिला आणि आधी मला हसूच आलं. ज्या वाक्याला त्यांनी आधार मागितला होता ते शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं: ‘पत्नी एका सकाळी काही न बोलता घर सोडून गेली आणि त्याच सकाळी नाटककाराने शेवटचा प्रवेश एका बैठकीत लिहून काढला.’ याला कसला आधार द्यायचा? सूर्य पूर्वेला उगवतो याला कुणी तळटीप देतं का? पण मग ते प्रश्नचिन्ह डोळ्यांपुढून हलेना. मी पिशवीतून कार्डांचा डबा काढला. चार वर्षांत मी सहाशेच्या वर कार्डं केली आहेत. प्रत्येकावर पुस्तक, आवृत्ती, पान, आणि उजव्या कोपऱ्यात मूळ मजकूर मी स्वतः पाहिलाय की नाही त्याची खूण. या वाक्याचं कार्डच नव्हतं. मी ते कुठूनही उतरवून घेतलेलं नव्हतं. ते माझ्याकडे होतंच, जसं एखादं पातेलं घरात असतंच आणि ते कुणी आणलं हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रबंध जमा करायला तीन आठवडे उरले होते. वय सत्तेचाळीस, शिकवण्याची वर्षं बावीस, आणि डॉक्टरेट नाही म्हणून अडलेली बढती. चौथं प्रकरण सगळ्यात मोठं, बासष्ट पानांचं, आणि ते सगळं नाटकाच्या शेवटच्या मौनावर उभं. ज्यांनी नाटक पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाई दाराशी बसून बूट घालते, बॅग उचलते. नवरा विचारतो, ‘परत येशील?’ ती त्याच्याकडे बघते. काही बोलत नाही. उजेड हळूहळू कमी होतो. बस्स. त्या काही सेकंदांवर जेवढं लिहिलं गेलंय तेवढं अख्ख्या नाटकावर नसेल. नाटककारानं स्वतः मात्र आयुष्यात एकदाच त्याबद्दल तोंड उघडलं, एका मासिकाच्या मुलाखतीत: ‘ते मौन माझं नाही, तिचं आहे.’ हे वाक्य मी प्रकरणाच्या डोक्यावर घातलं होतं. त्याचं कार्ड होतं. अंक, महिना, पान नऊ.

नाटक मी पहिल्यांदा पाहिलं ते सतराव्या वर्षी, बाबांबरोबर. शेवटी दिवे लागले तेव्हा बाबा उठलेच नाहीत. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. परतताना बसमध्येही ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मला वाटलं, आम्ही दोघं एकच विचार करतोय. मी नऊ वर्षांची असताना आई मामाकडे गेली होती आणि चार महिन्यांनी परत आली होती. मधल्या चार महिन्यांत शेजारणी, आत्या, शाळेतल्या बाई, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना बाबांनी एकच सांगितलं, की काही न बोलता गेली. मी ते इतक्यांदा ऐकलं की मला ते दिसायलाही लागलं. दाराची चौकट, आईची पाठ, आणि एक मोठी शांतता. वास्तविक त्या दुपारी मी कुठं होते तेही मला धड आठवत नाही. आई आली ती मात्र लख्ख आठवते. तिनं चपला काढल्या, हात धुतले आणि विचारलं, ‘खिडक्या का बंद केल्यात सगळ्या?’ त्यानंतर पुढची सव्वीस वर्षं, म्हणजे ती वारेपर्यंत, त्या चार महिन्यांचा विषय आमच्या घरात निघाला नाही. सगळीकडे असतं तसंच. झाकली मूठ. मी नाटकावर प्रबंध करायचं का ठरवलं असं कुणी विचारलं की मी ‘वाङ्मयीन महत्त्व’ वगैरे सांगते.

तर मी आधार शोधायला निघाले. सोपं काम, असं धरून चालले होते. मोठं चरित्र काढलं, दोनशे चौदावं पान, तळटीप एकतीस. तळटिपेत एका जुन्या लेखाचा हवाला होता आणि तो लेख आमच्या सरांचाच होता. लेख काढला. त्यात ते वाक्य होतं, जवळजवळ माझंच वाक्य, आणि त्याखाली तळटीप नव्हती. म्हणजे सरांनी ज्याला आधार मागितला तो आधार सरच होते. हा काय प्रकार असेल? परीक्षा? थट्टा? की म्हातारपणी माणूस स्वतःचं लिहिलेलं विसरतो, तसं?

सर गॅलरीत बसून रद्दीला सुतळी बांधत होते. मी लेखाची प्रत पुढं केली तर त्यांनी चष्मा न लावताच ओळखली.

‘सव्वीस वर्षांचा होतो मी तेव्हा,’ ते म्हणाले. ‘तेव्हापासून विचार करतोय, हे मी वाचलं कुठं.’

‘मग मला का विचारलंत, सर?’

‘तुमच्याकडे कार्डं असतात,’ सर म्हणाले. सुतळीला गाठ मारून त्यांनी दातांनी टोक तोडलं. ‘शंभराव्या प्रयोगाची स्मरणिका निघाली होती. त्यात बघा. नसलं तर वाक्य काढून टाका.’

काढून टाका. म्हणजे खालची वीट काढा आणि भिंत तशीच उभी ठेवा. मी दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेले. स्मरणिका मिळाली, कडा वाळवीनं खाल्लेली, आणि अठराव्या पानावर नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाचा लेख. ‘ऐकिवात असे आहे की पत्नी एका सकाळी काही न बोलता’ आणि पुढचं सगळं तसंच्या तसं. मी तिथल्या जिन्यात उभी राहून सरांना फोन केला आणि वाचून दाखवलं.

‘म्हणजे मी तीन शब्द गाळले,’ सर म्हणाले.

‘चार, सर. ऐकिवात, असे, आहे, की.’

‘वाक्य सुटसुटीत झालं असेल.’ मग कागद चाळल्याचा आवाज आला. ‘त्या आहेत अजून,’ ते म्हणाले. ‘त्यांची पत्नी. मास्तरीण होत्या. पत्ता असेल माझ्याकडे, कुणीतरी दिला होता.’

‘तुम्ही कधी विचारलं नाहीत त्यांना?’

‘बरं दिसलं नसतं.’

बरं दिसलं नसतं. मी हे शब्द दिवसभर तोंडात घोळवत राहिले. त्या बाईंवर लोकांनी काय काय लिहिलंय ते मला पानांसकट माहीत होतं. कुणी निष्ठुर म्हटलंय, कुणी स्वयंभू, एकानं तर ‘मूक अग्नी’. मीही कमी नाही, माझ्या प्रबंधात त्या चौदा ठिकाणी आहेत आणि एकदाही माणसासारख्या नाहीत. त्यांना पत्र लिहिताना मला सुरुवातच सुचेना. शेवटी चार ओळी लिहिल्या, मी अमुक काम करते, एक साधी शंका आहे, चालेल का. आठवड्याच्या आत पोस्टकार्ड आलं. ‘सोमवार सोडून केव्हाही ये. जिना उंच आहे.’ एवढंच. मी दाराशीच उभी राहून ते वाचलं, आणि वाचून झाल्यावरही बघत राहिले. बाबा आतून म्हणाले, ‘कुणाचं गं?’ ते अक्षर माझ्या ओळखीचं होतं. उभं, जरा डावीकडे कललेलं, आणि ‘ये’ची मात्रा मागच्या शब्दापर्यंत लांब गेलेली. मी आत जाऊन फोटोंची फाइल काढली. नाटकाच्या स्वच्छ हस्तलिखित प्रतीची एकशे बारा पानं मी संग्रहालयात बसून एकेक करून टिपली होती. सूचीत तिची नोंद अशी: ‘लेखनिक अज्ञात.’ शेवटच्या पानावर खाली तारीख, चौदा मार्च, साल नाही. सगळे अभ्यासक म्हणतात, ही प्रत पहिल्या प्रयोगाच्या पुढच्या वर्षी छपाईसाठी कुणाकडून तरी करवून घेतली. नाटककाराचा कच्चा खर्डा उरलेला नाही, कारण स्वच्छ प्रत झाली की तो खर्डा फाडून टाकत असे, हेही सगळ्यांना माहीत आहे. मी पोस्टकार्ड त्या शेवटच्या पानाशेजारी ठेवलं. चार वर्षं मी त्यांचं अक्षर वाचत होते आणि त्यांच्या मौनाबद्दल लिहीत होते.

बसनं चार तास लागले. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना खरंच उंच होता. दार उघडणारी बाई एवढीशी होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, आणि तिनं आधी माझ्या श्वासाकडे लक्ष दिलं. ‘बस आधी,’ ती म्हणाली. ‘पाणी पी. मला बाई म्हण, सगळं गाव तेच म्हणतं.’ खोलीत एक पलंग, एक टेबल, त्यावर पालथं ठेवलेलं पुस्तक. शिंप्याच्या मशीनचा आवाज पायाखालून येत होता, थांबत होता, परत येत होता. मी प्रस्तावना तयार करून आणली होती. ती सोडून एकदम म्हणाले, ‘बाई, तुम्ही गेलात त्या सकाळी त्यांनी शेवटचा प्रवेश लिहिला, असं म्हणतात.’

‘कोण म्हणतं?’

मी क्रमानं सांगितलं. चरित्र, लेख, स्मरणिका, नट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, एखाद्या मुलीनं पाढा म्हणावा आणि बाईंनी ऐकावा तसं.

‘नटाला काय माहीत?’ ती म्हणाली. ‘तो तर नंतर आला. अगं, नाटक लिहून झालं होतं तेव्हा. प्रत मीच करून दिली, मार्चमध्ये. मी गेले जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी. नोकरी लागली म्हणून गेले.’ तिनं उठून कपाटातून एक लिफाफा आणला. नेमणुकीचं पत्र. रुजू होण्याची तारीख अकरा जून, आणि साल, तेच, ज्याच्या नोव्हेंबरात नाटकाचा पहिला प्रयोग झाला. इतका साधा कागद. इतकी वर्षं तो एका कपाटात होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

‘आणि काही न बोलता?’ मी म्हणाले.

बाई माझ्याकडे बघत राहिली. ‘तासभर बोलले मी,’ ती म्हणाली. ‘नोकरी का घेतेय, किती दिवस, पैसे कुठं ठेवलेत, दाढीचं पाणी स्वतः तापवायचं. खूप बोलले. रडलेसुद्धा. न बोलता कशी जाईन? भांडण नव्हतं काही. म्हणजे होतंही. सगळ्यांचं असतं तेवढं.’ खाली मशीन थांबलं होतं. मला माझी बासष्ट पानं डोळ्यांपुढं दिसत होती, वाऱ्यावर उडावीत तशी नाही, नुसतीच टेबलावर पडलेली, जड. आश्चर्य म्हणजे मला वाईट वाटत नव्हतं. मला पुढचं हवं होतं. लहानपणी घड्याळ उघडल्यावर आतली चाकं बघताना वाटतं तसं.

मी फोटो दाखवले. तिनं भिंग घेतलं. स्वतःचं अक्षर बघून ती जरा हसली, मग शेवटच्या पानावर आली, खाली गेली, आणि परत वर.

‘पुढचं पान?’

‘हेच शेवटचं.’

‘अं हं. एक ओळ राहिलीय. तो विचारतो, परत येशील. मग ती काहीतरी म्हणते.’

‘ती गप्प असते, बाई.’

‘गप्प कशाला असेल?’ ती म्हणाली. तिच्या कपाळावर आठी पडली, चूक सापडली की पडते तशी. ‘ती बोलते. दूध ठेवलं होतं गॅसवर, उतू गेलं, मी उठले, ते आठवतंय मला. परत येऊन खाली तारीख घातली. ओळ राहिलीच म्हणायची.’

‘काय होती ती ओळ?’

बाईनं खूप वेळ आठवलं. ‘नाही आठवत,’ ती म्हणाली. आणि मग, ‘त्यानं बघितलं नाही का? पण तो कशाला बघतोय. स्वतःचं लिहिलेलं परत वाचायचा त्याला कंटाळा.’ मी सांगितलं, तालमी याच प्रतीवरून झाल्या असणार; त्यांनी पाहिलं असणार, पहिल्याच प्रयोगाला, आणि लोक भारावून गेले तेव्हा ते गप्प बसले असणार. पण पुढं एकदा म्हणाले होते, ते मौन माझं नाही, तिचं आहे. सगळ्यांना वाटलं, ते नाटकातल्या बाईबद्दल बोलताहेत. बाईनं भिंग पुसलं. ‘खोटं नाही बोलायचा तो,’ एवढंच ती म्हणाली. मग जिन्यापर्यंत सोडायला येताना, ‘मी नाटक बघितलं नाहीये कधी. इथं कुठलं थिएटर. आणि तिकडे जाऊन कुणाशेजारी बसायचं? लोक माझ्याकडेच बघत बसले असते. आता कोण ओळखतंय. कुठं लागलं तर सांग.’

घरी आले तेव्हा बाबा शब्दकोडं सोडवत होते. पिशवी न ठेवताच मी विचारलं. बसमध्ये चार तास तेच घोकलं होतं, आणि घोकता घोकता मला एक दुपार आठवायला लागली होती: मी शेजारणीच्या ओट्यावर, भिंतीपलीकडे आईचा आवाज, बराच वेळ, एका लयीत. हे खरं आठवत होतं की बाईंचं ऐकून मी आत्ता तयार केलं होतं, सांगता येईना. अशा गोष्टीच्या कार्डावर कोपऱ्यात काय खूण करणार?

‘बाबा, आई मामाकडे गेली तेव्हा काही बोलली होती?’

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. ‘बोलली होती की.’

‘मग तुम्ही सगळ्यांना न बोलता गेली म्हणून का सांगितलंत?’

‘बोलून गेली म्हटलं की लोक विचारतात, काय बोलली,’ बाबा म्हणाले. ‘न बोलता म्हटलं की प्रश्न संपतो.’ त्यांनी कोड्यात एक अक्षर भरलं, पुसलं. मी उभीच होते. ‘या घरात मला कुणी काही विचारत नाही, म्हणाली,’ ते म्हणाले. ‘आणखी बरंच म्हणाली. मला वाटलं, हे काय कारण झालं?’ मग कागदावरून नजर न काढता, ‘ते नाटक बघायला तुला नेलं ना, तेव्हा वाटलं, चला, आपलंच नाही एकट्याचं.’ मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. आई आणखी काय काय म्हणाली ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं, जेवढं आठवत होतं तेवढं. ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं.

सरांनी मुदत वाढवून मिळवली, त्यासाठी कुलसचिवांकडे स्वतः जाऊन बसले. मी चौथं प्रकरण नव्यानं लिहायला घेतलं. मध्येच कळलं की नाट्यशाळेची मुलं ते नाटक करताहेत, रविवारी दुपारी. मी बाईंना आणलं. टॅक्सीतून उतरल्यावर त्यांनी थिएटरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘लहानच आहे की.’ तिसऱ्या रांगेत आम्ही बसलो. मुलांची कामं कच्ची होती, नवऱ्याला तर मिशी धड चिकटली नव्हती. बाई मन लावून बघत होत्या, मधूनच ओठ हलवत होत्या, पुढचं वाक्य आधीच म्हणत असल्यासारख्या. मला नाटक दिसतच नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटाची वाट न बघता त्या शेवटाला घाबरत होते. मुलीनं बूट घातले. बॅग उचलली. नवऱ्यानं विचारलं, ‘परत येशील?’ सगळं थिएटर नेहमीसारखं श्वास धरून बसलं, आणि माझ्या शेजारी, अगदी हळू, पण स्पष्ट, वर्गात उत्तर सांगतात तसं बाई म्हणाल्या,

‘कुलूप बदलू नकोस.’

उजेड गेला. टाळ्या झाल्या. बाईही टाळ्या वाजवत होत्या.

बाहेर पायऱ्यांवर टॅक्सीची वाट बघताना मी विचारलं, हीच का. ‘हीच,’ त्या म्हणाल्या. ‘बरं झालं गळली. बोलली असती तर लोक उठून छत्र्या शोधायला लागले असते.’

‘चुकूनच गळली ना, बाई?’

‘चुकून. तुला दुसरं काही हवं असेल तर ते तुझं संशोधन.’

रस्त्यावर ऊन होतं. मुलं मेकअप पुसत पुसत बाहेर येत होती. मला जे विचारायचं होतं ते कुठल्याही कार्डावर बसणारं नव्हतं. ‘तुम्ही निघालात त्या दिवशी,’ मी म्हणाले, ‘त्या तासाभरात हे म्हणालात त्यांना?’

‘नाही.’ बाईंनी पदर डोक्यावरून घेतला, उन्हासाठी. ‘बाकी सगळं सांगितलं. हे राहिलं. त्यानंच लिहिलेलं, मी उतरवलंय असं धरून चाललेले. वाटलं, त्याला ठाऊक आहे. परत काय सांगायचं?’

‘बदललं होतं का त्यांनी?’

‘मी कुठं बघायला गेले,’ बाई म्हणाल्या.

मी वही काढली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, पाच वाजून दहा मिनिटं, ठिकाण लिहिलं. बाईंनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, अमक्याची पत्नी असं लिहू नकोस म्हणाल्या, लेखनिक लिही. मग मी ओळ लिहिली. टॅक्सी येऊन उभी राहिली होती, पण त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ धरून वाचली, आणि माझंच पेन घेऊन एक अक्षर दुरुस्त केलं.

‘कुलूप,’ त्या म्हणाल्या. ‘लू दीर्घ.’